तबकडी उलटी करून बघा

आमच्या घरी कुठलंही कार्य असलं की जेवणं आटोपल्यावर एक वाद हमखास निघतो. आत्या म्हणते, "दादाच्या लग्नात मांडवात ‘गोरी गोरी पान’ लागलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलंय." दादा म्हणजे माझे वडील, आप्पा. लग्न झालं १९५० च्या वैशाखात, इथेच पनवेलला. आत्या तेव्हा पाच वर्षांची.

आप्पांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. लाईन आळीतल्या आमच्या खोलीत एका बाजूला कनाती, दुसऱ्या बाजूला भोंगे आणि मधल्या फळीवर रेकॉर्डी. मुंज, लग्न, सत्यनारायण, गणपती, कुठेही बोलावणं आलं की मोटारीची बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी हातगाडीवर चढायची. आप्पा गेल्यावर धंदा बंद झाला, रेकॉर्डी माझ्याकडे राहिल्या. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी त्यांची यादी करायला बसलो. तीन महिन्यांत संपेल म्हणून घेतलेलं काम चौदा वर्षं चाललंय. त्यात जे हाती लागलं ते लिहून ठेवतो. बरंचसं चुकत चुकत शिकलेलं आहे.

१. गाण्याचं साल आठवणीला विचारू नये.

आपल्याला गाणं आठवतं ते कोणाच्या तरी चेहऱ्यासकट, घरासकट. साल आपण मागाहून चिकटवतो. ‘गोरी गोरी पान’ गदिमांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. ती खळ्यांची पहिली रेकॉर्ड, आणि ती आली १९५२ साली. म्हणजे आईआप्पांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझी तबकडी खोटं बोलत असेल."

गाणं आहे दादाकडे वहिनीचा हट्ट धरणाऱ्या बहिणीचं. आत्या नेमकी तीच बहीण. तिच्या मनाने ते गाणं दोन वर्षं मागे ओढून मांडवात नेऊन लावलं, यात तिचा काय दोष? दोष माझा. मीही वीस वर्षं ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगत होतो आणि फळीवरची रेकॉर्ड एकदाही हातात घेतली नव्हती.

मात्र रेकॉर्ड हातात घेऊनही साल लगेच सापडत नाही. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर साल छापलेलं नसतंच. असतो तो आकडा. लेबलावर कंपनीचा क्रमांक, एचएमव्हीचा ‘एन’ने सुरू होणारा, कोलंबियाचा ‘जीई’ने. शिवाय लेबलाला लागून जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यात दाबून उमटलेला दुसरा आकडा, तो ध्वनिमुद्रणाचा. कंपन्या नव्या रेकॉर्डींच्या याद्या काढायच्या. त्या याद्या आणि हे आकडे शेजारी शेजारी मांडले की साल हळूहळू जाग्यावर बसतं. एक आकडा पक्का झाला की त्याच्या मागचेपुढचे पाचपन्नास आपोआप रांगेत येतात.

२. लेबलावरचं नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे.

पहिल्यापहिल्यांदा मी लेबलावर दिसेल ते नाव वहीत उतरवायचो. मग एक दिवस ‘महल’ची रेकॉर्ड हाती आली. १९४९ चा सिनेमा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, गाणं ‘आएगा आनेवाला’. अख्ख्या देशाला ठाऊक असलेला लताबाईंचा आवाज, आणि गायिका म्हणून लेबलावर नाव ‘कामिनी’! कामिनी ही सिनेमातली व्यक्तिरेखा. तेव्हा पार्श्वगायकाचं नाव छापायची पद्धतच पक्की नव्हती. रेडिओवर गाणं लागलं तेव्हा ऐकणाऱ्यांनी पत्रांवर पत्रं पाठवून विचारलं, ही गाते कोण, आणि मग नाव सांगितलं गेलं.

असे चकवे पुढेही भेटत राहिले. ‘अलबेला’च्या रेकॉर्डीवर संगीतकार सी. रामचंद्र आणि गायक चितळकर अशी दोन नावं; माणूस एकच, रामचंद्र नरहर चितळकर. वासुदेव भाटकरांनी ‘स्नेहल’ हे नाव लेकीच्या नावावरून घेतलं. ‘साधी माणसं’चे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे खुद्द लताबाई, हे लोकांना कळलं ते राज्य पुरस्काराच्या वेळी. आता माझ्या वहीत दोन रकाने असतात. एकात लेबलावरचं नाव जसंच्या तसं, दुसऱ्यात माणूस. पहिला रकाना दुरुस्त करायचा नाही. चूक असली तरी ती त्या काळाची चूक आहे, आपण ती पुसायची नसते.

३. तीन मिनिटं ही अडचण होती, आणि घाटही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं, फार ओढून ताणून साडेतीन. रंगभूमीवर वन्समोअर घेत वाटेल तेवढं लांबणारं नाट्यपद एवढ्या जागेत बसवायचं म्हणजे गवयाची परीक्षा. कुठली तान ठेवायची, कुठली सोडायची, हे त्याला आधीच ठरवावं लागे. माझ्याकडच्या काही नाट्यपदांत शेवटच्या ओळीला लय किंचित चढलेली ऐकू येते. मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र बरोबर होतं, गायकाला समोर जागा संपताना दिसत होती.

भावगीत मात्र जणू या मापातच कापलेलं. वकिलीची परीक्षा दिलेले गोविंदराव, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गाऊन तिची रेकॉर्ड काढली आणि हा प्रकार घराघरांत गेला. धृपद, दोनतीन कडवी, मध्ये वाद्यांचा एखादा तुकडा, संपलं. जोशी पुढे १९३८ पासून एचएमव्हीत अधिकारी झाले आणि इतरांची गाणी मुद्रित करू लागले. ज्याने स्वतः त्या तीन मिनिटांत उभं राहून गायलं होतं, तो आता काचेपलीकडून दुसऱ्याला खूण करत होता.

यातूनच आणखी एक सवय लागली. सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डीवरचं गाणं एकच असेल असं धरायचं नाही. त्या काळात सिनेमासाठी एकदा आणि रेकॉर्डीसाठी पुन्हा असं दोनदा गाणं म्हणण्याची रीत होती. पडद्यावर असलेलं कडवं रेकॉर्डीवर गळतं, कधी उलटंही होतं. "मला चांगलं आठवतंय, अजून एक कडवं होतं," असं कुणी म्हातारं माणूस म्हणालं तर हसू नये. असण्याचा संभव बराच असतो.

४. वाजणाऱ्या खोलीकडेही कान द्यावा.

तेव्हा तुकडे जोडून गाणं होत नसे. एकदोन मायक्रोफोन, त्यांच्यापुढे गायक, भोवती वादक. कोणाचा आवाज किती यायचा हे बटणावर नव्हे, पावलांवर ठरे. तबला चार हात मागे, बासरी जवळ, व्हायोलिनवाले भिंतीशी. टेपरेकॉर्डर येण्याआधी आवाज थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरला जायचा. शेवटच्या ओळीत कोणी खोकलं तर ती चकती बाद आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून.

‘महल’च्या त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतो. लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या, तेव्हा तो तसा उमटला. हे कळल्यापासून ती रेकॉर्ड लावली की मला खोलीची लांबी ऐकू येते. तुम्हीही एखादं जुनं गाणं डोळे मिटून ऐका आणि कोण कुठे उभं आहे ते बोटाने दाखवा. माझ्या नातवाला हा खेळ फार आवडतो. तो तबल्याची जागा माझ्यापेक्षा बरोबर सांगतो.

५. रेडिओचं गाणं वेगळं, रेकॉर्डीचं वेगळं.

‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आणि संपलं पुढच्या वर्षीच्या रामनवमीला. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. आमच्या पिढीतला जो तो सांगतो, "आम्ही बाबूजींच्या आवाजात रेडिओवर सगळं ऐकलं." सगळं नाही. रेडिओवर माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक असे कितीतरी आवाज होते. ज्याची भूमिका त्याचा गळा. सगळी गाणी एकट्या फडक्यांच्या आवाजात घरोघर पोचली ती नंतर, रेकॉर्डींमुळे आणि त्यांच्या कार्यक्रमांमुळे. पुढे ऐकलेल्या आवाजाने आधीचा आवाज झाकून टाकला.

ओळखायची एक साधी खूण सांगतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तेव्हा "हे मूळ रेडिओचं ध्वनिमुद्रण" म्हणून कोणी त्या काळातलं गाणं ऐकवलं आणि त्यात पेटी खणखणीत वाजत असेल, तर चहा घ्यावा आणि शंका मनात ठेवावी.

६. वेग चुकला की गवई बदलतो.

ही चूक मी स्वतः केली आणि लोकांसमोर केली. पनवेलमध्येच एका लहानशा श्रवणसभेत मी १९३० च्या आसपासचं एक पद लावलं आणि ऐटीत म्हणालो, "बघा, बाई काळी पाचमध्ये गातायत!" पहिल्या रांगेतले एक पेटीवाले गुरुजी उठले, माझ्या यंत्राजवळ आले आणि म्हणाले, "बाई काळी चारमध्येच गातायत हो, पळतंय ते तुमचं यंत्र."

अठ्ठ्याहत्तर म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. पाचेक फेरे कमीजास्त झाले की जवळजवळ अर्धा सूर सरकतो. जुन्या काळी ध्वनिमुद्रणाचा वेगही नेमका ७८ असेलच असं नसे. आता मी गोल कागदावर ७७ काळ्या रेघा काढलेली चकती रेकॉर्डीवर ठेवतो आणि ती घरच्या ट्यूबलाइटखाली फिरवतो. आपली वीज ५० सायकलची, दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचकावतो. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग ७८ च्या अगदी जवळ आला समजावं. त्यानंतर पेटीवर सूर लावून बघायचा. गळा माणसाचा वाटला पाहिजे, खारीचा नव्हे.

७. झीज वाचायला शिकावं.

पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची, असं पिनेच्या डबीवरच लिहिलेलं असे. आप्पा काटकसरी. एकेक पिन चारचार बाजूंना चालवायचे. बोथट पिन रेघ कुरतडते, आणि काळी कुळकुळीत तबकडी जिथे जास्त वाजली तिथे राखाडी पडते. उजेडात तिरकी धरली की स्पष्ट दिसतं.

आमच्या त्या ‘गोरी गोरी पान’च्या रेकॉर्डीची दुसरी बाजू ‘एका तळ्यात होती’, बदकाच्या पिल्लांचं गाणं. तेही गदिमा, खळे आणि आशाबाईंचं. मी समजून चाललो होतो की लग्नाच्या मांडवांत फिरलेली रेकॉर्ड, तेव्हा वहिनीची बाजू झिजलेली असणार. उलटी करून बघितली तर राखाडी बदकाची बाजू! लग्नघरी मोठी माणसं गडबडीत. भोंग्याच्या टेबलाशी घोटाळायची ती पोरं, आणि फर्माईश त्यांचीच. साठपासष्ट वर्षांपूर्वीच्या कुठल्या कुठल्या पोरांचा हट्ट त्या तबकडीवर उमटून बसलाय. असं कुठल्याही यादीत छापलेलं नसतं. तेव्हापासून रेकॉर्ड हातात आली की दोन्ही बाजू बघतो.

८. पनवेलची हवा रेकॉर्डींची वैरीण.

या तबकड्या लाखेच्या. लाख छोटा नागपूरकडच्या झाडांवरची, रेकॉर्डी छापल्या जायच्या कलकत्त्याजवळ डमडमला, गाणारे मुंबईचे आणि ऐकणारे आपण. यंग इंडिया या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना मात्र मुंबईत वडाळ्याला होता. एवढा प्रवास करून आलेली वस्तू आमच्या चार महिन्यांच्या पावसात पांढरी पडते. बुरशी नुसत्या कोरड्या फडक्याने पुसली तर रेघांत घासून बसते. ओल्या मऊ सुती कापडाने, गोलगोल, रेघांच्या दिशेने पुसावी. स्पिरिट चुकूनही लावू नये, लाख विरघळते. आडव्या थप्प्या रचू नयेत; पुस्तकांसारख्या उभ्या, घट्ट ठेवाव्यात. उन्हात ठेवली तर पापडासारखी वळते, हातातून पडली तर खापरीसारखी फुटते.

२६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी आमच्या खोलीत कमरेएवढं आलं. खालच्या फळीवरच्या रेकॉर्डी रात्रभर पाण्यात होत्या. तबकड्या बहुतेक वाचल्या, पण लेबलांचा लगदा झाला. पुसायला गेलो तर कवी, गायक, संगीतकार, सगळे माझ्या बोटांना चिकटून आले. अनाथ झालेल्या त्या तबकड्यांवर उरला फक्त पट्टीतला तो दाबून उमटलेला आकडा. त्याच्यावरून मी आजवर निम्म्यांहून अधिक ओळखल्या. म्हणून सांगतो, आकडा आधी वहीत लिहा आणि लेबलाचा फोटो काढून ठेवा. वही वरच्या फळीवर ठेवा.

९. आवाज धुवावा, पण उकळू नये.

काही रेकॉर्डी मी शहरातल्या एका माणसाकडे संगणकावर उतरवून घ्यायला दिल्या. त्याने हौसेने इतकी खरखर काढली की तिच्याबरोबर तंबोराही गेला. बाईंचा श्वास गेला, तबल्याची शाई गेली. राहिला एक गुळगुळीत आवाज, जणू फोनवरून कोणी गातंय. पैसे मी दिलेच, कारण सांगायचं राहिलं ते माझ्याकडून. आता नियम ठेवलाय. आधी जशी आहे तशी, खरखरीसकट एक प्रत. तिला हात लावायचा नाही. मग हवी तेवढी साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. पुढे कोणाकडे आपल्यापेक्षा चांगलं यंत्र येईल, चांगले कानही येतील. त्यांच्यासाठी कचरासुद्धा शिल्लक असावा.

१०. आठवणीला खोटं पाडून थांबू नये.

माझी सगळ्यात मोठी चूक ही, की १९५२ हा आकडा सापडल्यावर मी आत्याच्या गोष्टीवर फुली मारून मोकळा झालो. वाद जिंकला असं वाटलं.

गेल्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंकेत आप्पांच्या भाड्याच्या वह्या सापडल्या. पुराचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. १९५० ची वही काढली. वैशाखात एक नोंद होती, आप्पांच्या तिरप्या अक्षरात. घरचे कार्य. भाडे नाही. पिना एक डबी. आणि खाली बारीक अक्षरात: रेकॉर्ड एक फुटली.

वही घेऊन आत्याकडे गेलो. ती यंदा ऐंशीची झाली. नोंद वाचून दाखवली तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीच फोडली रे ती. सगळे अक्षता टाकायला गेले तेव्हा टेबलावरून काढून बघत होते. हातातून सुटली. तुकडे कनातीखाली सारले. दादाला कधी कळलं नाही." जरा थांबून म्हणाली, "पुढे ते वहिनीचं गाणं आलं ना, दादा सारखं लावायचा. मला दर वेळी तो मांडवच आठवायचा."

म्हणजे गाणं चुकीचं होतं, मांडव खरा होता. पंचाहत्तर वर्षं ती एक फुटलेली रेकॉर्ड सांभाळत होती आणि तिच्यावर दुसरी ठेवून झाकत होती.

मी सवयीने वही उघडली, पेन काढलं. "आत्या, कुठली होती गं ती? काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"वाचता कुठे येत होतं मला तेव्हा?" ती म्हणाली. "कुत्रा होता एवढं आठवतं."

मी लिहून घेतलं. कोलंबिया नव्हे, यंग इंडिया नव्हे. एचएमव्ही. आकडा माहीत नाही.